माळ्याची शिडी दादाच्या खोलीत

लालबागच्या चाळीत आमच्या एका खोलीच्या दोन झाल्या, मध्ये फळ्यांची भिंत आली. पण वरचा माळा दादाचा आणि माझा सामाईकच राहिला. छपराचा पत्रा असा तापायचा, की माळ्यावर ठेवलेले पापड आपोआप भाजून निघत. म्हणून आम्ही माळ्यावर लाकडी पट्ट्या ठोकल्या, मध्ये थर्माकोल भरला आणि वर प्लायवूड मारलं. माळ्याची जमीन वीतभर वर आली, जुनी शिडी आखूड पडली. मग दोन्ही खोल्यांच्या छतात एकेक भोक पाडून, त्याला झाकण लावून घडीच्या शिड्या बसवायचं ठरलं. मापं दादावर सोपवून मी बिनघोर शिमग्याला गावी गेलो. परतलो तर माझ्या डोक्यावर सलग छत, आणि शिडी फक्त त्याच्या खोलीत!

"दादा, माझं झाकण?"

"अरे, दोन भोकं पाडली असती तर सगळी गरमी खाली उतरली असती. तुझ्याच भल्यासाठी रे!"

खोली एवढी गार झाली, की हिमालयातले साधू जागा विचारायला यायचे तेवढे बाकी होते. पण माळ्यावरची माझी ट्रंक काढायला मी शेजारचं दार वाजवलं, तर वहिनी उंबऱ्यातूनच म्हणाली, "भावोजी, आत्ता नको हां, आमच्याकडे पाहुणे आलेत."