तोंड तिचं हाय

आमच्या चुलत सासऱ्यांइतके प्रश्न विचारणारा माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. मी त्यांना मामंजी म्हणायची. आमच्या ढोकी गावच्या न्हाव्याला ते आधी वस्तरा दाखवायला लावत, तो सकाळपासून कुणाकुणाच्या गालावर फिरला ते विचारत आणि मगच मान पुढं करत. एस.टी.त चढताना ड्रायव्हरला हटकून विचारायचे, "झोप झाली का नीट?" टँकर आला की पाणी कुठल्या विहिरीचं याची चौकशी चाले, तोवर मागं घागरींची रांग खोळंबे आणि बायका दातओठ खात.

असल्याच एका दुष्काळात माझी दाढ सुजली. गाल असा फुगला की घोटभर पेज गिळवेना. मला पाचवा महिना होता, आणि आधीचं एक पोटातच गेलेलं. पोटुशीनं दाढ काढली तर बाळाचे डोळे जातात, असं शेजारणी सांगत. मालक साखर कारखान्यात पाळीवर, म्हणून मामंजीच मला उस्मानाबादला घेऊन निघाले. दर थांब्यावर माझ्या गालाकडं बघत, "वाढली का गं सूज?" त्यांच्या काळजीनंच माझा जीव अर्धा झाला.

सरकारी दवाखान्यात नंबर लागेस्तोवर दुपार टळली. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघताच सुई भरायला घेतली. मामंजी दारातून आत आले.

"थांबा साहेब. पोरगी पोटुशी हाय. सुई कशाची, ते आधी सांगा."

"बाहेर बसा आजोबा. रांग बघितली का?"

"बघितली. आमी बी त्याच रांगेतनं आलोय. सांगा, मग जातो."

त्यांचे पाय जागचे हलेनात. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. भूल जबड्यापुरतीच असते, बाळाला भीती नाही, म्हणाले. पण सुजेमुळं ती पुरती चढणार नाही. आज काढली तर दुखेल, नाहीतर गोळ्या घेऊन आठवड्यानं परत यायचं.

"बोला आजोबा, काय करू?"

"मला काय इचारता? तोंड तिचं हाय. तिला इचारा."

लग्न होऊन आल्यापासून माझ्याबद्दलचं काही कुणी मला विचारलंच नव्हतं. दोघंही थांबून राहिले. मग पदराआडून मी म्हटलं, "आजच काढा."

दुखलं, लई दुखलं. मामंजी बाहेरून "झालं का?" विचारत राहिले, शेवटी नर्सबाईंनी खिडकी लावून घेतली.

परतताना गाडीत गुंगी आली आणि माझं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. सुनेनं असं करायची रीत नव्हती. जाग आली तेव्हा ढोकी केव्हाच मागं पडली होती.

"उठवलं का नाही, मामंजी?"

"लागला होता डोळा तुझा," एवढंच म्हणाले.

पुढच्या गावी उतरून आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत बसलो.

मुलगी झाली, धडधाकट, टपोऱ्या डोळ्यांची. ती शाळेत जायच्या आधीच मामंजी गेले. मला मात्र ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, रस्त्याकडेच्या दगडावर अवघडलेला खांदा चोळत माझ्याशेजारी बसलेले.