लाल दोरा, पांढरा दोरा

दवाखान्याच्या धुलाईखात्यात मावशींना सव्वीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. काढायची कुणाची हिंमतच नव्हती म्हणा ना! चादरीवर एखादा डाग राहिला, तर मशीनवरच्या बाईची त्या अशी हजेरी घेत की बिचारीला स्वप्नातही डाग दिसावेत. पण बाळंतिणींच्या वॉर्डातली दुपटी आली की हाच तोफखाना थंड व्हायचा. त्या दुपट्यांना मावशी दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसत. गच्चीवर वाळून दुपटी पुठ्ठ्यासारखी कडक होत. आत्ताच जगात आलेल्या जिवाला ती टोचणार, म्हणून मावशी शेजारच्या टबात हात बुडवून प्रत्येक दुपट्यावर पाणी शिंपडत, तळव्याने दाबून ते मऊ करत आणि मगच घडी घालत. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हा सगळा त्यांच्या मायेचा मामला.

त्या वर्षी वॉर्डातल्या बाळांच्या अंगावर पुरळ यायला लागलं. पाठीवर, मानेवर, बारीक पिवळ्या तोंडाच्या पुळ्या. मलमाने चार दिवसांत जायच्या. पण एका बाळाला ताप चढला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. मावशींना तर दुसरं काही सुचेना, कारण त्यांच्या एकुलत्या एका लेकीला आठवा महिना लागला होता आणि तिचं बाळंतपण याच वॉर्डात व्हायचं होतं. याच दुपट्यांत त्यांचं नातवंड गुंडाळलं जाणार होतं.

कारणं काय, ज्याच्या त्याच्या खिशात तयार होती. कुणी हवेला बोल लावला, कुणी आयांच्या दुधाला. मावशींचं बोट मात्र धुण्याच्या नव्या पावडरीवर होतं. त्यांनी थेट वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना गाठलं. पावडर बदला, वाळवणाच्या दोऱ्या बदला, टोपल्या फेका, सगळं आजच्या आज करा, असा त्यांचा हुकूम.

मोठ्या सिस्टर वयाने मावशींच्या लेकीएवढ्या, पण डोकं शांत. त्या म्हणाल्या, "मावशी, सगळं एकदम बदललं आणि पुरळ गेलं, तर कशामुळे गेलं ते कळणार कसं? उद्या परत आलं की पुन्हा अंधारात चाचपडायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलू."

म्हणजे असं, की अर्धी दुपटी जुन्या पावडरीत धुवायची, अर्धी नव्या. एकांच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका, दुसऱ्यांना पांढरा. एका बाळाला एकाच दोऱ्याची दुपटी, आणि बाळं वाटायची ती चिठ्ठ्या टाकून. पुरळ सिस्टर स्वतः मोजणार. पण कुठला दोरा कशाचा, ते फक्त मावशींना ठाऊक. आपले डोळे आपल्याला हवं तेच बघतात, म्हणून मलाही सांगू नका, असं त्यांनी बजावलं. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसलेली बाई आपण पहिल्यांदाच पाहिली, असं मावशी घरी जाऊन लेकीला म्हणाल्या.

आठवड्याने पाहिलं, तर दोन्हीकडे पुरळ सारखंच. मावशींना पटेना. पुन्हा मोजा, असा त्यांनी हट्ट धरला. सिस्टर रागावतील असं वाटलं होतं, तर त्या उलट खूश झाल्या आणि आणखी एक आठवडा मोजत बसल्या. पुन्हा सारखंच. पावडर निर्दोष सुटली. मग वाळवणाच्या दोऱ्यांची पाळी, त्याही सुटल्या. इकडे लेकीला नववा लागलेला आणि मावशींचा जीव टांगणीला.

शेवटी सिस्टर गच्चीवर आल्या आणि टोपलीपासून पाळण्यापर्यंत तुमचा हात काय काय करतो ते सगळं सांगा, म्हणाल्या. मावशींनी घडाघडा सांगितलं आणि जाता जाता शिंपडण्याचंही सांगितलं. पण ते काही काम नव्हे हो, ती आपली माया, असंही जोडलं.

सिस्टर म्हणाल्या, तेही बघू.

मावशींना हे फार लागलं. मायेची कसली परीक्षा घ्यायची? पण घ्याच म्हणावं, एकदा डोळे तरी उघडतील! कडक कापडाने कातडी सोलवटते, तेव्हा न शिंपडलेल्या दुपट्यांतच पुरळ जास्त निघणार, याची त्यांना पक्की खात्री होती. शिंपडलेल्यांना त्यांनी लाल टाके घातले, कोरड्यांना पांढरे.

दहा दिवसांनी सिस्टर कागद घेऊन गच्चीवर आल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या वीस बाळांपैकी एकाला पुरळ होतं. लालवाल्या वीसपैकी अकरा जणांना. कागद पुढे धरून त्यांनी विचारलं, "लाल कशाचा, मावशी?"

मावशींनी कागदावरचे आकडे पुन्हा वाचले. त्या दोऱ्यांचा भेद जगात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. लाल म्हणजे कोरडी, एवढं म्हटलं असतं तर सव्वीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. तसं म्हणावं असं मनात आलं, हो आलं, लपवायचं कशाला. पण मग सगळीच दुपटी शिंपडली गेली असती, आणि त्यातलंच एक लेकीच्या कुशीत गेलं असतं.

"लाल माझ्या हातचा," मावशी म्हणाल्या आणि टबाकडे बोट दाखवून खाली बसल्या.

सिस्टर टबाकडे गेल्या. आतून बोट फिरवलं, तर कडांना शेवाळासारखा बुळबुळीत थर. मावशी रोज सकाळी त्यात ताजं पाणी घालत, म्हणून ते ताजंच आहे असं धरून चालल्या होत्या. तळाचं पाणी कितीतरी महिने कुणी ओतलंच नव्हतं. मावशींच्या डोळ्यांना धार लागली. सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या आणि आपला संशय पहिल्यापासून वाळवणाच्या दोऱ्यांवर होता, आपणही साफ चुकलो, असं कबूल केलं. त्याच दुपारी मावशी लहान मुलांच्या वॉर्डातल्या धुलाईवाल्या बाईकडे गेल्या. तिला शिंपडायला त्यांनीच शिकवलं होतं. तिचाही टब त्यांनी स्वतः उपडा केला.

तीन आठवड्यांनी लेकीला मुलगी झाली. लेक कुरकुरली, "आई, किती टोचतंय हे! दुपटी तू मऊ करतेस ना?"

"करायचे," मावशी म्हणाल्या. हात शिवशिवत होते, ते त्यांनी एप्रनच्या खिशात कोंबले. मग राहवेना म्हणून दुपटं हळूच सोडून नातीची पाठ पाहिली, मान पाहिली, काखा पाहिल्या. एक ठिपका नव्हता. कोपऱ्यात पांढरा टाका तेवढा होता.

सिस्टर तापमान बघायला आल्या तेव्हा मावशींनी त्यांचे दोन्ही हात धरले. सासरमाहेर, शेजारपाजार, आयुष्यभर सगळ्यांनी त्यांच्या मायेचं कौतुकच केलं होतं. ती तपासून बघणारं माणूस हे पहिलंच.

"तुमचे उपकार कसे फेडू, सिस्टर?"

"मी फक्त विचारलं," सिस्टर म्हणाल्या. "लाल कोणता, ते तुम्ही सांगितलंत."