नगरच्या नाक्यावरची गुळाची काहील

नगरच्या नाक्यावर रस्ता तुंबला की जो तो हवालदाराच्या नावानं बोटं मोडतो. अरे, पण त्या बैलांकडे कुणी बघितलं का, ते निघालेत कुठं? पन्नास माणसं एस.टी.त बसून ओरडतात आणि एकाला खिडकीतून मान बाहेर काढणं होत नाही. हे आधी सांगायचं होतं. आता रामराम. नगरला जाणाऱ्यांनी, त्यातही बायांनी, पुढचं नीट वाचा. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या.

मी कोल्हारची. शाळेत तिसरीपर्यंत गेले, म्हणून अक्षर वाकडं आहे. बोलणं सरळ आहे. लढाई नुकतीच संपली होती, तेव्हा माझी नात सुमन हिला नगरच्या एका दवाखान्यातून नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी अकराच्या आत हजर राहायचं. तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, म्हणाला, “यंदा जमलं तर जमलं. न्हाई तर काष्टीचं स्थळ हाय.” स्थळ वाईट नव्हतं. पोरीला नको होतं, एवढंच.

पुलापाशी सकाळची एस.टी. धरली. नगरकडे जाताना उजव्या अंगाला बसा. डाव्या अंगाला दोन तास ऊन डोळ्यात जातं. राहुरीला चहा मिळतो, पण बशीत ओतून घ्या, नाहीतर कंडक्टर घंटी मारतो आणि अर्धा कप तिथंच राहतो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. आणि कागदं पेटीत ठेवू नका. मी ठेवली. दाखले, बोलावण्याचं पत्र, सगळं पेटीत घालून कुलूप लावलं आणि पेटी चढवली एस.टी.च्या टपावर.

नगर दिसायला लागलं आणि गाडी थांबली. पुढं ट्रक, ट्रकपुढं कडब्याच्या गाड्या, समोरून दुसरी एस.टी., मधे सायकलवाले. सगळे भोंगे एकदम. सुमन म्हणाली, “आज्जी, उतरून चालत जाऊ.” कंडक्टरला पेटी काढायला सांगितली, तर तो म्हणतो, “मावशी, टपावरचं सामान स्टँडावरच उतरतं.” पेटीशिवाय जाऊन करायचं काय? बसलो. साडेदहा वाजले तशी मी खाली उतरले, निदान शिव्या तरी जवळून द्याव्यात म्हणून.

पुढं बघते तर एक बैलगाडी रस्त्यात आडवी. बैल उजव्या कडेच्या हौदात तोंड घालून निवांत पाणी पितायत आणि गाडीवान गुळाच्या ढेपांवर घोंगडं ओढून झोपलेला.

“कुणाचा रे हा मुडदा?” मी ओरडले.

मुडद्यानं घोंगडं बाजूला केलं. माझा धाकटा दीर, रानबा! आदल्या दिवशी दुपारी कोल्हारहून गूळ भरून निघालेला.

“वयनी? तुमी हितं?”

“मी हितं, अन् पोरीची मुलाखत तुमच्या बैलाखाली. रस्ता अडवलाय, दिसत न्हाई?”

“मी कुटं अडवला? बैलांला पानी ठावं हाय, ते आपलं आपून वळत्यात. मी तर निजलोवतो.”

हवालदार बिचारा शिट्टी फुंकून लाल झाला होता. माणसाला शिट्टी कळते. बैलाला पाणी कळतं.

रस्ता सुटून, स्टँडावर पेटी उतरवून दवाखान्यात पोचायला साडेअकरा झाले. पांढऱ्या पातळातल्या बाईंनी यादी मिटली होती. मी बैल, हौद, दीर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आजी, दोन जागा उरल्यात. सोमवारी सकाळी दहाला या. उशीर झाला तर मात्र येऊच नका.” दहा! एस.टी. तीच, नाका तोच. आदल्या रात्री मुक्काम करावा तर नगरात आमचं कुणी नाही, आणि सतरा वर्षांची पोर घेऊन स्टँडावर निजायची माझी तयारी नव्हती.

परतताना नाक्यावर उतरले आणि हौदाशी बसून राहिले. सुमन म्हणाली, “आता काय बघतीस?” म्हटलं, गप बस. गावाकडून येणारी प्रत्येक बैलगाडी डाव्या कडेनं यायची आणि हौद दिसला की रस्ता कापून उजवीकडे. एकही चुकली नाही. हे कळायला इंजिनेर लागत नाही, रिकामा वेळ लागतो.

डाव्या कडेला, हौदाच्या शंभर पावलं अलीकडे, भाजीचा मळा होता. विहिरीच्या पाण्याचा पाट रस्त्याला लागूनच वाहत होता. मळ्याची मालकीण मथुरा, माझ्याच वयाची, मेथी खुडत होती. म्हटलं, “बाई, पाटाच्या तोंडाशी एक काहील ठेवू दे. येनारे बैल हितंच पानी पितील. जादाचं पानी परत तुझ्याच पाटात.”

“अन् बैल माझ्या मेथीत शिरले म्हंजी?”

“काट्यांचं कुंपन लाव.”

“मला काय मिळंल?”

मी हौदाकडं बोट केलं. “तितलं शेन कोन उचलतं?”

“त्यो पल्याडचा रसवंतीवाला. ढिगानं इकतो मेला.”

“हितं बैल थांबले की शेन तुझं.”

मथुरेनं मेथीची जुडी खाली ठेवली. “समदं?”

“समदं.”

आमच्या गुऱ्हाळावर गूळ कढवायची एक मोठी फुटकी काहील पडून होती. लोहाराकडून तिला ठिगळ मारून घेतलं. शनिवारी रानबाला म्हटलं, “रस्ता तुमी अडवला, काहील तुमीच न्यायची.” नेली बिचाऱ्यानं, चार माणसांनी उचलून गाडीत घातली तेव्हा.

सोमवारी कागदं माझ्या ओच्यात होती. नाक्याजवळ आलो आणि गाडी परत थांबली! सुमननं माझा हात धरला. मी उतरले. बैल डाव्या कडेलाच होते, पण पाणी पिऊन झालं तरी हलत नव्हते. काहिलीच्या काठाला कैक वर्षांचा गूळ चिकटलेला, तो चाटत उभे! मागच्या गाड्यांची शेपटी रस्त्यावर आलेली. घासायची राहिली, चूक माझीच. “मथुरे, राख आन!” ओरडले. तिनं चुलीतली राख आणली, मी गुडघ्यावर बसले, दोघींनी नारळाच्या शेंडीनं काठ घासला. बैलांनी एकदा हुंगलं, नाक फेंदारलं आणि निघाले. त्यामागं गाड्या, मग ट्रक, मग आमची एस.टी. कंडक्टर म्हणाला, “मावशी, चढा, आज पेटी न्हाई का?”

दहाला पाच मिनिटं कमी असताना सुमन त्या बाईंपुढं उभी होती. माझ्या हाताला राख, लुगड्याला शेण. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं, ते बरोबरच केलं. दुपारी सुमन बाहेर आली आणि म्हणाली, “एक तारखेपासून.” मी म्हटलं, भाकरी खा आधी.

काष्टीला नकार कळवला. घरी आता भांडी मलाच घासावी लागतात, हे या प्रवासातून उरलं. दुसरं उरलं ते गुडघ्याचं दुखणं. नाक्यावरून परवा गेले तेव्हा गाड्यांचे बैल डावीकडे पाणी पीत होते, उजवीकडचा हौद नगरातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना पुरत होता, आणि हवालदार झाडाखाली बिडी ओढत होता. कुणी पूल बांधला नाही, रस्ता रुंद केला नाही.

मात्र मध्यंतरी तिसगावच्या एका पाव्हण्यानं निरोप धाडला की काहील दोन दिवस कोरडी होती, गाड्या परत आडव्या जात होत्या, आजींनी बघावं. मी कोल्हारातून काय बघू? नाका परत तुंबला तर हवालदाराला विचारू नका, रानबाला विचारू नका, मला तर मुळीच नको. गाडीतून उतरा, मळ्यात जा आणि मथुरेला विचारा. शेण तिनं घेतलंय, जाब तिनंच द्यायचा.