बॉडीतले भिमाजी मिस्त्री

“ज्याच्यावर भार देता येत न्हाई, त्याला मी बॉडी म्हणत न्हाई,” असं भिमाजी मिस्त्री एकदा म्हणाले होते.

तेव्हा ते एका नव्या ट्रॉलीत उभे राहून टाचेनं तिचा तळ ठोकून पाहत होते. आळेफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं शेड. दारात कायम एखादी उघडी चेसिस उभी, नुसत्या बरगड्यांची. तिला अँगल, फळ्या, पत्रा आणि मागे उघडझाप करणारा फाळका जोडून दिला की ती रस्त्यावर जायला मोकळी. या सगळ्याला मिळून शब्द एकच, बॉडी. मिस्त्रींना तो मंचरला कासमभाईंच्या गॅरेजात काम शिकताना मिळाला होता. कासमभाईंनी तो पहिल्यांदा सांगितला तेव्हा आधी हात पुसले होते, एवढंच त्यांना आठवायचं.

पुढे पारगावला कारखान्याचं धुराडं उभं राहिलं आणि उसाच्या ट्रॉल्या वाढल्या. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो नेणाऱ्या जीपा आल्या. राजुरीच्या रस्त्यानं जाणारी गाडी नुसती मागून पाहून लोक सांगू लागले, ही मिस्त्रींची बॉडी, वळणावर कुरकुरत नाही. मिस्त्री हे ऐकत आणि हातातलं काम तसंच पुढे चालवत. पण त्या दिवशी घरी जाताना ते वाट वाकडी करून पिंपरी पेंढारच्या चौकातून जात. तिथं संध्याकाळी गाड्या उभ्या असतात.

मुलगा राकेश नारायणगावला जिमला जायला लागला आणि तोच शब्द घट्ट बनियन घालून घरात आला. पोरगं आरशासमोरून हलेना. बॉडी कमावतोय, असं मिस्त्रींच्या बायकोनं, जानकाबाईंनी, कौतुकानं सांगितलं. मिस्त्रींनी त्याला शेडवर नेलं आणि फाळका उचलायला लावला. फाळका कमरेपर्यंत आला आणि तिथंच अडला.

“कमावली ती बँकेत ठेवलीस का रं?” मिस्त्रींनी विचारलं.

दोघंही हसत खाली बसले. राकेश त्याच वर्षी वेल्डिंग शिकला.

मिस्त्रींचे वडील गेले ते पुण्याच्या एका दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर मिस्त्री बसले होते. आतून एक माणूस आला आणि त्यानं विचारलं, बॉडी कोणाची आहे, गाडी लावून घ्या. सवयीनं मिस्त्रींची नजर फाटकाकडे गेली. कुणी गाडी आडवी लावली असेल, असं त्यांना वाटलं. मग समजलं. माणसानं पुन्हा विचारलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

“बॉडी न्हाई. बहिरू नाव हाय त्यांचं. माझे वडील हायेत ते.”

तो माणूस मागे वळला. आत जाऊन त्यानं पुढची हाक दिली ती बहिरूंच्या नावानं. गावी आल्यावर बरेच दिवस मिस्त्री ट्रॉलीला ट्रॉलीच म्हणत राहिले. तो शब्द पुन्हा जिभेवर यायला वेळ लागला.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन सावळेराम चार माणसं घेऊन शेडवर आले. मिस्त्री वेल्डिंगच्या काचेआड होते.

“मिस्त्री, औंदा तुमाला बॉडीत घ्यायचं ठरलंय.”

“कंची गाडी हाय?” मिस्त्रींनी काच न काढता विचारलं.

मंडळी हसली. “गाडी न्हाई वो, राव. सोसायटीची बॉडी. संचालक व्हायचंय तुमी.”

जागा राखीव होती. निवडणूक बिनविरोध करायची होती. बौद्ध वस्तीतला, भांडणतंटा न करणारा माणूस म्हणून मिस्त्री बरे, असा सरळ हिशेब होता आणि तो मिस्त्रींना कळलाही. पण सावळेराम आजवर त्यांना ‘ए भिमा’ म्हणत आले होते. ‘तुमी’ हे आज पहिल्यांदा आलं होतं. मिस्त्रींनी होकार दिला.

मग बैठका सुरू झाल्या. चहा यायचा, बिस्किटं यायची, आणि विषय निघण्याआधीच बॉडीचं ठरलेलं असायचं. मिस्त्रींनी फक्त हात वर करायचा. एकदा शेडवर येऊन ते राकेशला म्हणाले, “मला बॉडीतला फाळका केलाय. म्हणतील तवा वर, म्हणतील तवा खाली.”

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवरचं दूध केंद्र बंद करायची गोष्ट निघाली. समाजमंदिराच्या ओट्यावर मिस्त्रींची भावजय सरूबाई ते चालवायच्या. एकेक म्हैस असलेल्या बाया तिथं दूध घालत. केंद्र बंद झालं तर त्यांना ओढा ओलांडून गावात जावं लागणार. पावसाळ्यात ओढा भरला की दूध घरातच, नाहीतर पडेल त्या भावानं खाजगीवाल्याच्या कॅनमध्ये. सरूबाईंनी मात्र काळजी केली नाही. “तुमी हाय ना बॉडीत, भावजी,” एवढंच त्या म्हणाल्या.

बैठकीचा दिवस लग्नतिथीचा निघाला. बरेच संचालक वऱ्हाडात गेलेले. सचिव भागुजींनी माणसं मोजली आणि सुटकेचा श्वास सोडला. एक जरी कमी असता तर कोरम गेला असता, ठरावच करता आला नसता, म्हणाले. दूध संघाला आजच कळवायचं होतं. केंद्र बंद करायचा ठराव झाला नाही, तर आहेत ती केंद्रं वर्षभर तशीच चालवावी लागणार होती.

मिस्त्री त्या दिवशी बोलले. ओढ्याचं सांगितलं, बायांचं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सावळेरामांनी मानही डोलावली.

“तुमचं बरोबर हाय, मिस्त्री. पण बॉडीचं ठरलंय.”

“बॉडीत मी बी हाय ना, भाऊ?”

“हाय की,” कोपऱ्यातून एक संचालक म्हणाला. “आज तर तुमी हाय म्हणून बॉडी पुरी हाय.”

हशा झाला. भागुजीही हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ठरावाच्या बाजूनं हात वर करा, असं सावळेरामांनी सांगितलं. एकेक हात वर गेला. सगळे मिस्त्रींकडे पाहू लागले.

मिस्त्रींनी उरलेला चहा पिऊन टाकला. कपबशी टेबलाच्या मधोमध ठेवली, उठून खुर्ची नीट आत सरकवली, उंबऱ्याशी चपला पायात घातल्या आणि बाहेर पडले.