आंबट लागलं तर घाबरू नका

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सोलापुरातल्या एका गिरणीने बेल्जियमहून चोवीस स्वयंचलित माग आणले. मी त्या गिरणीच्या ऑफिसात परदेशी पत्रव्यवहार पाहणारा कारकून होतो. म्हणजे साहेब मराठीत चिडत आणि मी ते इंग्रजीत नम्रपणे लिहीत असे. मागांबरोबर ते बसवून देणारा एक फिटर आला, तेव्हा दुभाष्याचं कामही माझ्याकडे आलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. दोघांचं मिळून काम भागत होतं.

फिटर पन्नाशीचा, उंच, आणि सोलापूरच्या उन्हात पहिल्याच आठवड्यात भाजून निघालेला. कामगार त्याला लाल साहेब म्हणत. त्याच्या मदतीला विणकाम खात्यातले एक जॉबर दिले होते, वीस वर्षं माग दुरुस्त करण्यात घालवलेले. अक्कलकोटकडचे लिंगायत. घरात कानडी, गिरणीत मराठी, आणि मागाशी काहीच न बोलता नुसता कान लावायचा, अशी त्यांची पद्धत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. माझ्यापेक्षा ते दहाएक वर्षांनी मोठे होते, तरी मला ‘भाऊसाहेब’ म्हणत. माझ्या हातात सदा पुस्तक असे, याचा त्यांना उगाचच आदर होता.

त्या दोघांना माझी गरज फार लागली नाही. फिटर पाना पुढे करी, अण्णा मान हलवत, दोघं मागाखाली शिरत आणि तासाभराने तेलाने माखून बाहेर येत. मी स्टुलावर वाचत बसे. जेवणाच्या सुट्टीत अण्णांच्या डब्यात उन्हाळाभर आंबील असे, म्हणजे रात्रभर आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचं पातळ, आंबटसर पेय. एके दिवशी फिटरने ते मागून घेतलं. आमचा एखादा अधिकारी असता तर पोटाचं कारण सांगून मागे सरला असता. हा माणूस पेलाभर प्याला, ओठ पुसले आणि मला म्हणाला, त्याला सांग, आमच्या गावातही असंच आहे. मी सांगितलं. अण्णांना वाटलं, बेल्जियममध्ये ज्वारी पिकते.

जाण्याआधी फिटरने मॅनेजरसाहेबांना लिहून दिलं की आपल्यानंतर या चोवीस मागांचा प्रमुख हाच जॉबर असावा. साहेबांनी तोंडी होकार दिला. अण्णांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला माहीत नाही, पण ही एक गोष्ट त्यांना हवी होती. पगारापेक्षाही, स्वतःच्या हातांनी उभे केलेले माग दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाऊ नयेत, एवढंच. त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. बायकोने शेजारी सांगितलं होतं.

फिटरला ठरल्यापेक्षा महिनाभर आधी परतावं लागलं. त्याच्या घरी कुणी आजारी होतं. सहा माग बसायचे राहिले होते, ते अण्णा एकटे बसवणार होते. निघताना त्याने सुट्या भागांच्या खोक्यातून, भुशातून, चार जाड काचेच्या बाटल्या काढल्या. बुचं तारेने बांधलेली. त्याच्या मेहुण्याच्या घरची बिअर होती ती. शेवटचा माग चालू होईल त्या दिवशी उघडा, असं म्हणून त्याने त्या अण्णांच्या हातात दिल्या. गळ्यात लिंग असलेला माणूस दारूच्या बाटल्या कशा धरतो हे मी त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसं, सांभाळून आणि जरा लांब.

मग त्याने मला नीट सांगितलं आणि म्हणाला, सगळं याला सांग. थंड जागी ठेव. अंधारात ठेव. हलवू नको. तळाशी गाळ दिसेल, तो असायचाच. हवेतल्याच कशाने तरी ही छपराखाली उघड्या भांड्यात आंबते, मेहुणा तिच्यात एका झुडपाची पांढरी फुलं घालतो, म्हणून वास फुलांचा येईल आणि चव थोडी आंबट लागेल. आंबट लागलं तर घाबरू नको, ती तशीच असते.

मी थंड, अंधार, हलवू नका, गाळ, हे सांगितलं. चवीचं सांगितलं नाही. जो माणूस दारू शिवतही नाही, त्याच्यापुढे दारूच्या चवीचं वर्णन करणं मला बरं वाटलं नाही. त्यांना त्याचा काय उपयोग, असंही वाटलं. तो सभ्यपणाच होता, अजूनही मला तो सभ्यपणाच वाटतो. म्हणूनच त्याचं काय करावं ते कळत नाही.

सोलापूरचा एप्रिल-मे. गिरणीत थंड जागा एकच होती. सूत तुटू नये म्हणून विणकाम खात्याच्या हवेत ओलावा सोडतात, त्या यंत्राच्या टाकीमागची कोंदट खोली. अण्णांनी बाटल्या तिथे गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. गोणपाट दिवसातून दोनदा ओलं करायचे. सुट्टीच्या दिवशी शुक्रवार पेठेतून सायकल मारत फक्त तेवढ्यासाठी यायचे. मी एकदा म्हटलं, अण्णा, एवढं कशाला? ते म्हणाले, “त्यानं माज्या हातात दिलंय की.”

चोविसावा माग चालू झाला आणि साहेबांनी त्याचा समारंभ केला. मांडव, सनई, मोठे पाहुणे. मागाला झेंडूचे एवढे हार घातले की पाकळ्या ताण्यात गेल्या आणि कळ दाबताच वीस-तीस धागे तुटले. टाळ्या चालू असतानाच अण्णांनी खाली वाकून ते जोडले. पाहुण्यांनी कापड पाहून मान डोलावली. भाषणात साहेब चोवीस मागांबद्दल चार मिनिटं आणि स्वतःच्या तीन आठवड्यांच्या युरोप दौऱ्याबद्दल बाकीचा वेळ बोलले.

नंतर निवडक मंडळी गेस्ट हाऊसवर जमली. साहेबांकडे दारूचं परमिट होतं. अण्णांनी बाटल्यांचं साहेबांना आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्या आणण्याचा मान त्यांना मिळाला. धुतलेला पांढरा सदरा, कपाळावर विभूती, आणि हातातल्या ट्रेमध्ये बिअर. मला त्या दृश्याची गंमत वाटली. त्या वयात मला बहुतेक गोष्टींची गंमतच वाटत असे. साहेब पाहुण्यांना सांगत होते की याच मंचावर, म्हणजे याच खोलीत, आज नव्या खात्याच्या प्रमुखाची घोषणा होईल. अण्णा दाराशी उभे होते. त्यांनी खाली पाहिलं.

तीन बाटल्या उघडल्या. फेस पाहून साहेब खूश झाले. मलाही अर्धा ग्लास मिळाला. चैत्रात कडुनिंबाला मोहर येतो, तेव्हा झाडाखालून सायकलवर जाताना एक गोडसर वास नाकाला लागून मागे राहतो. तो वास आधी आला. मग जिभेच्या कडांना आंबट लागलं, चिंचेचा कोवळा पाला चावल्यावर लागतं तेवढंच. मग ते दोन्ही गेलं आणि तोंड स्वच्छ झालं. अशी चव मी आधी घेतली नव्हती. मला फिटरचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवलं.

साहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास उजेडात धरला. “गेली ही,” ते म्हणाले. “आंबली. आणि खाली गाळ बघा.” शेजारचे एक गृहस्थ तोवर निम्मा ग्लास आनंदाने संपवून बसले होते. त्यांनीही तो खाली ठेवला आणि खिशातून रुमाल काढला. मग एकेक करून सगळ्यांनाच ती खराब लागली.

बाटल्या कुठे ठेवल्या होत्या, हे साहेबांनी विचारलं. अण्णांनी सांगितलं. गोणपाट म्हटल्यावर हशा पिकला. साहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “ज्याला चार बाटल्या सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती चोवीस माग द्यायला निघालो होतो मी.”

वाक्य जमलं होतं. साहेबांना ते जमल्याचं कळलंही. एकदा पाहुण्यांनी दाद दिल्यावर ते मागे घेणं त्यांना शक्य नव्हतं. मी एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ही अशीच असते, त्याने मला सांगितलंय. दहा शब्दसुद्धा नव्हते. पण मॅनेजरला बिअर कळत नाही हे त्याच्या पाहुण्यांसमोर कारकुनाने सांगायचं होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला त्या फजितीचीच मजा जास्त येत होती. युरोप फिरून आलेला माणूस युरोपचीच चव थुंकतोय, हे अण्णांना उद्या सांगू, दोघं मिळून हसू, असं मनात आलं. मी हसलो. साहेबांना हसलो. पण कुणाला हसलो ते कपाळावर लिहिलेलं नव्हतं, आणि दाराशी उभे असलेले अण्णा नेमके माझ्याकडेच पाहत होते.

“उरलेली टाकून दे,” साहेब म्हणाले. अण्णा चौथी बाटली घेऊन गेले. घोषणा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. ती आंबटच असते, फुलांचा वास होता, तुम्ही ती उत्तम राखली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “तुमी माजं मन राखताय, भाऊसाहेब. लई उपकार. पर उन्हानं नासलं असंल. येक दिवस पानी मारायला उशीर झाला हुता, लेकीच्या जुळ्यांचं बारसं हुतं घरात.” तो एक दिवस त्यांनी शोधून काढला होता. मी शपथ घेतली. ते हसले, आणि शपथ घेतल्यामुळे मी आणखीच खोटा ठरलो.

महिन्याभरात नवा प्रमुख मुंबईहून आला. माग अडला की तो अण्णांना बोलावी आणि चालू झाला की साहेबांना कळवी. फिटरचं एक पत्र आलं. माझ्या मित्राने बाटल्या उघडल्या का, लोकांना बिअर आवडली का, त्याला प्रमुख केलं का, असे तीन प्रश्न होते. मी नेहमीच्या नम्र इंग्रजीत लिहिलं की सर्व मंडळी फार आनंदित झाली. बाकीच्या दोन प्रश्नांना मी उत्तर दिलं नाही. त्याचं पुन्हा पत्र आलं नाही.

दोन वर्षांनी अण्णांनी गिरणी सोडली आणि अक्कलकोट रोडला टॉवेलच्या यंत्रमागांवर लागले. तिथे कुणी त्यांना जॉबरही म्हणत नव्हतं. आम्ही भेटत असू. बाटल्यांचा विषय मी अधूनमधून काढी, ते दुसरीकडे वळवत.

मग एका रविवारी सकाळी त्यांचा निरोप आला. ते गावी परत जाणार होते. मी गेलो तेव्हा खोलीत बोचकी बांधलेली होती, अण्णांच्या बायको भांडी पोत्यात भरत होत्या, आणि मधोमध पाटावर ती चौथी बाटली होती. चार वर्षं त्यांनी ती माठाच्या मागे, ओल्या गोणपाटात ठेवली होती. “सारखं म्हनते मी टाका म्हनून,” बायको म्हणाल्या. “देव्हाऱ्याकडं पाठ करून ठिवलीया. बाटलीला पाठ असती व्हय?”

मी म्हटलं, मी पितो आणि तुमच्यासमोर सांगतो. अण्णा म्हणाले, “तुमी सांगून बगितलं की चार वर्सं.”

त्यांनी तार सोडवली. बूच हलक्या आवाजाने निघालं. स्टीलच्या वाटीत थोडी ओतून त्यांनी आधी वास घेतला, डोळे मिटून, मागाला कान लावत तसा. सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातल्या लिंगाला हात लावला, काहीतरी कानडीत पुटपुटले. बायकोने तोंड फिरवलं. मग त्यांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

“नासलेलं न्हाय हे,” ते म्हणाले. पुन्हा वास घेतला. “आंबील हाय. आमची आई करायची तशी, फकस्त फुलं घातल्याली. नासल्यालं आणि आंबवल्यालं मला कळंना व्हय?” चेहरा क्षणभर मोकळा झाला. चार वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी वाटी पाटावर ठेवली. तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हंजे त्या दिवशी तुमाला ठावं हुतं.”

हा प्रश्न नव्हता. इतकी वर्षं माझं बोलणं त्यांनी खोटं धरलं होतं, म्हणून मी त्यांचा मित्र होतो, मन राखणारा. आता ते खरं ठरलं होतं. मी म्हटलं, हो. त्याने मला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं.

“आनि तुमी हासत हुता.”

मी साहेबांना हसत होतो, हे सांगण्याचा विचार मनात आला. मी सांगितलं नाही. ते खरं होतं, आणि काही उपयोगाचं नव्हतं.

अण्णांनी बाटली माझ्याकडे सरकवली. घ्या, म्हणाले, आमच्यात कोन पिनार. मी वाटीत ओतून घेतली. चार वर्षांत आंबटपणा वाढला होता, फुलांचा वास मात्र होता, अगदी दुरून आल्यासारखा. अण्णांनी मोरीत जाऊन चूळ भरली, हातपाय धुतले, देव्हाऱ्यातली विभूती कपाळाला लावली आणि पुन्हा बोचक्याला गाठ मारायला बसले. मी ती वाटी संपवली. मोरीत जाऊन ती विसळली आणि पोत्याशेजारी पालथी घातली.

निघताना मी म्हटलं, “येतो, अण्णा.” ते दारापर्यंत पोचवायला आले, नेहमीसारखे. एरवी ते यावर “या, या भाऊसाहेब” म्हणायचे. त्या दिवशी कडी हातात धरून उभे राहिले.

“सावकाश जावा,” म्हणाले.