अण्णांची कात्री

आज रहिमतपूरला आमच्या औषधदुकानाची नववी शाखा उघडली. फीत कापायला मॅनेजरनं तबकात जुनी कात्री ठेवली होती. "ताई, तासगावच्या पहिल्या दुकानातली आहे. मुद्दाम आणली." तिला अजून स्पिरिटचा वास येत होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

अण्णा, माझे वडील, याच कात्रीनं पट्टी कापून दोन-चार सुट्या गोळ्या देत. नाव छापलेला भाग बहुतेक वेळा दुकानातच राही. मी फार्मसी शिकून नुकती काउंटरवर उभी राहू लागले होते. एका दुपारी बेदाण्याच्या शेडवर काम करणारी मावशी असाच बिननावाचा, रिकामा तुकडा घेऊन आली. नवऱ्याची रक्तदाबाची गोळी हवी होती. मी अंदाजानं एक पिवळी गोळी दाखवली.

"व्हय, हीच हाय," ती म्हणाली. मी अख्खी पट्टी दिली.

पंधरा दिवसांनी ती मोकळ्या कपाळानं आली. उरलेल्या गोळ्या काउंटरवर ठेवून म्हणाली, "आवं ताई, त्ये गेलं. झोपंतच. ह्या कुणाला तरी द्या."

या पट्टीवर नाव होतं. गोळ्या मधुमेहाच्या होत्या. अण्णांनीही वाचलं. त्यांनी पट्टी मुठीत घेतली आणि तिला पाणी दिलं. ती आम्हाला हात जोडून गेली.

तेव्हा वाटलं, अण्णांनी मला वाचवलं. आता वाटतं, त्यांनी दुकान वाचवलं, आणि मी वाचवू दिलं.

"कापा ना, ताई," मॅनेजर म्हणाला. माणसं टाळ्यांसाठी हात उचलून उभी होती.

त्या मावशीचं नाव मी तेव्हाही विचारलं नव्हतं.