पाच थेंबांची बरणी

शनिवारी संध्याकाळी माझ्या गॅलरीत बसून रम पिणं ही इंदूरची एक संस्था होती. मी लिंबू असं पिळायचो की थेट राजवाड्यापर्यंत लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. संस्थेला आजीव सभासद एकच, माझा शाळेपासूनचा मित्र. पहिला घोट घेतला की डोळे मिटून म्हणायचा, "भिया, तेरे हाथ में जादू है!" वीस वर्षं मी या एका वाक्यावर जगलो.

मग वरच्या मजल्यावर पुण्याच्या एक बाई राहायला आल्या. शहराबाहेर सिमरोलकडे कॉलेजात शिकवायला जातात. मला काका म्हणतात, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. त्या घरी कॉकटेल बनवतात. गूळ-सुंठीचं सिरप स्वतः आटवतात. वर बिटर्सही घरचंच, म्हणजे सियागंजच्या बाजारातून आणलेलं काडेचिराईत, संत्र्याची साल आणि लवंगा कडक दारूत तीन आठवडे मुरवून काढलेला कडूजहर अर्क. ग्लासात टाकायचे फक्त पाच थेंब.

मित्र एकदा "जरा बघून येतो" म्हणून वर गेला आणि दर शनिवारी वरचाच झाला. छतातून त्याचं हसणं ऐकू यायचं.

"पंख्याकडे काय बघताय?" बायकोने विचारलं.

"धूळ," मी म्हटलं.

अहो, काडेचिराईत! लहानपणी माझी आई आम्हा दोघांना नाक दाबून पाजायची, तेच. तेव्हा हा पठ्ठ्या खिडकीतून उडी मारून पळाला, तो देवासलाच थांबला. आता त्याच कडूसाठी दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढत होता.

चार महिन्यांनी बाई माहेरी निघाल्या. जाताना माझ्या हातात बरणी दिली.

"काका, हे नवीन बिटर्स. आठवडा झालाय, अजून दोन लागतील. रोज एकदा हलवाल ना? आणि ऊन लागू देऊ नका."

"अहो, निर्धास्त जा," मी म्हटलं, आणि त्यांची रिक्षा वळायच्या आत बरणी मोरीवर नेली. झाकण काढलं, इतक्यात बेल वाजली. दारात मित्र!

"बरणी तुझ्याकडे आहे म्हणे. हलवलीस?"

"तेच तर करतोय."

"झाकण काढून?"

त्याने बरणी काढून घेतली, तान्ह्या बाळासारखी हलवली, मग बसून दोन बशा पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाईंचा फोन होता. सकाळ-संध्याकाळ हलवायचीय." फोन-बिन काही नव्हता. पण तो दोनदा यायला लागला. बरणीकडे ज्या मायेने बघायचा, त्या मायेने वीस वर्षांत माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला काचेचा हेवा वाटायला लागला.

बाई परतल्या त्या दिवशी तो माझ्याकडेच होता.

"काका, झालं असेल ना तयार?"

अर्क डांबराइतका काळा झाला होता. "कच्चं आहे," मी म्हटलं.

बाईंनी मित्राकडे पाहिलं. माझा जीव त्याच्या पोह्यांच्या चमच्याला टांगलेला.

"एकदम कच्चा है, जी," तो म्हणाला. "अजून पंधरा दिवस तरी लागतील."

माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण समोरच्या घरात जाऊन पडलं. बाई हसल्या, जिन्याकडे वळल्या.

"पर जी," हा मागून ओरडला, "शनिवारपुरती जुनी बाटली तर असेल ना तुमच्याकडे?"

"आहे की. या ना."

मी त्याच्या समोरचा शेवेचा डबा उचलला आणि आत नेऊन ठेवला.